कातरलेली सुपारी

आबा,

काल दिवेलागणीला मी आणि तुमची सून पळसदेवच्या पाण्याकाठी झालेल्या नव्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. तुम्ही होतात तेव्हा तिथं वेड्या बाभळी होत्या आणि मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवायची जागा होती. आता काचेची भिंत आहे, पाण्यावर पुढं काढलेली लाकडी गच्ची आहे, प्रत्येक टेबलावर छतातून लोंबणारा पिवळा दिवा आहे. पुण्या-सोलापूरच्या गाड्या हायवे सोडून आत वळतात. आणि ज्या वाटेनं माणसं खांद्यावर जाळी टाकून पाण्याला जायची, त्या वाटेवर कुलूप लावलेलं लोखंडी फाटक आहे. ते फाटक काढा, असं आज सकाळच्या ग्रामसभेत मला उठून सांगायचंय. मालकाला हे माहीत होतं, म्हणूनच त्यानं जेवायला बोलावलं. मीही म्हणूनच गेलो. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्या समोर बसून एकदा त्याच्याकडं नीट बघावं, असं मला नेहमी वाटत आलंय.

मालक चाळिशीचा, बोलायला फार गोड. त्यानं आम्हाला आधी बार दाखवला. एक अख्खी होडी उभी कापून तिचा काउंटर केलाय. वर काच, काचेखाली दिवे आणि मागं बाटल्यांची रांग. कडेला जुन्या निळ्या रंगाचे पोपडे मुद्दाम तसेच ठेवलेत. ती होडी मी ओळखली. फाटकाविरुद्ध पहिला अर्ज ज्यानं दिला होता, त्याची ती.

"त्याचीच हाय," मी न विचारताच मालक म्हणाला. "खुशीनं दिली त्यानं. आता पुण्यात वॉचमन हाय म्हणं. बरं चाललंय."

जेवण आलं. चिलापी माशाला मेनूत असलं नाव दिलेलं की आम्हाला वाचता येईना. तुमची सून ताटलीकडं बघून म्हणाली, "ही आपली चिलापीच की वो. निस्ता कोट घातलाय हिला." मालक मोठ्यानं हसला. आमच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, तिला वहिनी वहिनी करत आग्रहानं वाढत राहिला. फाटकाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. मी काढला, तर म्हणाला, "जेवताना कुठं त्ये, भाऊ."

हात पुसले तेव्हा त्यानं चांदीच्या वाटीतून चिमूटभर गोड सुपारी घेतली आणि दोन्ही हातांनी माझ्या तळव्यावर ठेवली. मी तोंडात टाकली. तेवढ्यात तो वेटरांकडं वळून म्हणाला, "भाऊंनी सुपारी घेतली रं. आता भाऊ आपले." पोरं हसली. मीही हसलो. मग तो खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं बोलला, "आमच्या तात्यांच्या लग्नात तुमच्या आबांची सनई हुती. एकदा सुपारी घेतली की आबा शब्द फिरवत न्हवते म्हणं."

माझं चघळणं थांबलं.

आबा, आपल्या घरात सुपारी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. लग्नघरचा माणूस ओट्यावर बसतो, तुमच्या हातावर अख्खी सुपारी ठेवतो, तुम्ही ती कपाळाला लावता, आई ती देव्हाऱ्यात ठेवते. त्यानंतर घरात ताप असो, मयत असो, त्या दिवशी तुम्ही सनई घेऊन त्या मांडवात असायचातच. परत केलेली मी एकदाच पाहिली. इंदापूरकडचं मोठं घर होतं. नवरी अजून शाळेतली आहे आणि रडते आहे, हे तुमच्या कानावर आलं. तुम्ही सुपारी धोतराच्या सोग्यात बांधली, मला सोबत घेतलं आणि त्यांच्या दारात जाऊन ती खाली ठेवली.

"वाजंत्र्यानं कवापासून लग्नं ठरवायची?" त्या घरचा थोरला म्हणाला.

तुम्ही म्हणालात, "लगीन तुमचं हाय. फुंक माझी हाय."

त्या हंगामात आपल्या ओट्यावर कुणी आलं नाही. परत येताना तुम्ही मला एवढंच सांगितलंत की सुपारी अख्खी आहे तोवर परत करता येते, एकदा अडकित्ता लागला की ती खाल्लीच म्हणायची.

माझी तर कातरलेली होती, आबा. साखरेत घोळलेली. तो बोलेपर्यंत निम्मी पोटात गेली. या माणसाला आपला रिवाज पक्का माहीत होता आणि त्याच रिवाजानं त्यानं मला बांधलं. भर सभेत सत्तेला जाब विचारणारा मी, चिमूटभर कतरीपुढं गप्प बसलो. पण घरी येताना एक गोष्ट लख्ख कळली. तुम्हाला सुपारी देणारा माणूस काय वाजवायचं, कुठं वाजवायचं ते आधी सांगायचा. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. न सांगता दिलेली सुपारी ही सुपारी नव्हे, तो सापळा आहे. तो मी मानत नाही. फाटकाचं मी बोलणार.

एक मात्र राहिलं. मालक आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला होता. दार लावता लावता म्हणाला, "लेक बारामतीला हॉस्टेलवर असती ना? तितला रस्ता लई वर्दळीचा हाय, भाऊ. जपून ऱ्हा म्हणावं." लेक कुठं राहते, हे मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

आज पहिल्याच एसटीनं तुमच्या सुनेला लेकीकडं धाडलं. चार दिवस तिच्याजवळच राहा म्हणालो. पायरीवर पाय ठेवून तिनं मागं वळून विचारलं, "तुमी भ्यालाय व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. ती आत जाऊन बसली.

आता ग्रामसभेला निघतो. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून मी तो जाळून जाईन. कारण तिला मी खोटं सांगितलंय.