डाव्या बाजूने माल्टा

१२ सप्टें., शुक्र.
पहाटे सहाला मस्कतबाहेर, अल अमेरातच्या मोकळ्या प्लॉटवर. पाण्याचे तीन रिकामे कॅन मांडून राउंडअबाउट केला. त्याला उलटे वळसे, बावीस. पुढच्या महिन्यात दोघांनी माल्टाला जायचं, तिथे गाडी डावीकडून चालवतात. श्रीकांत लग्नाआधी पुण्यात डावीकडे शिकले. मी एकोणीस वर्षांपूर्वी इथेच, उजवीकडे शिकले. तेव्हापासून घर ते शाळा, शाळा ते घर. लांबचं सगळं श्री. चालवायचे. आता डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांची गाडी बंद. विमानाला मात्र डॉक्टरांची हरकत नाही.
तीन कॅन पाडले. श्री. सावलीत खुर्ची टाकून मोजत होते. "तीन प्रवासी गेले," म्हणाले. त्यांनी बस टूरची चौकशी करून ठेवली आहे. माझं जमलं नाही तर तीच. चाळीस माणसं, झेंडा धरलेला गाइड. नको.

१९ सप्टें., शुक्र.
एकही कॅन पडला नाही. त्यांनी न विचारता बसवाल्यांना नको म्हणून कळवलं.
हमीदाच्या मत्रहच्या दुकानात गेले. तिची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून तीही मला बाईच म्हणते. पुढल्या वर्षी नवऱ्याला घेऊन तिलाही जायचं आहे. "बाई, तुम्ही आधी जाऊन या. हातपाय शाबूत राहिले तर आम्ही तिकीट काढतो." तिच्यासाठी यापुढे टिपा लिहीत जाईन.
ह.साठी: व्हिसाची वेळ दोन महिने आधी घेणे. रेसिडेंट कार्डाची मुदत परतीनंतर किमान तीन महिने हवी. सगळे कागद छापून न्यावेत. फोनवर दाखवते म्हणू नये.

२ ऑक्टो., गुरु.
व्हिसा आला. वेळापत्रक केलं. मार्साश्लॉक रविवारी. ते मच्छीमारांचं गाव, श्रीं.चं मुख्य ठिकाण. बारा वर्षं सूरच्या बंदरात धाऊ जहाजं बांधणाऱ्यांच्यात काढली त्यांनी. माल्टातल्या होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, डोळे रंगवलेले असतात, ते एकदा जवळून बघायचे आहेत. रविवार कामाचा वार, गर्दी नसेल.

१० ऑक्टो., शुक्र. माल्टा
गाडी ताब्यात घेतली आणि दोघेही सवयीने डाव्या दारापाशी गेलो. स्टिअरिंग उजवीकडे. श्री. डावीकडे बसले, म्हणजे मस्कतमध्ये चालवायला बसतात तिथेच, पण समोर काही नाही. वाटभर पायाने ब्रेक दाबत होते. मी म्हटलं, "अहो, तिथे नुसती सतरंजी आहे."
हॉटेलपर्यंत नऊ राउंडअबाउट. मस्कतला डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, इथे उजवीकडून येणाऱ्याला. प्रत्येक वेळी मोठ्याने म्हटलं: उजवीकडे बघ. नऊही पार.
ह.साठी: ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवणे, नाहीतर गिअरची देतात. आंतरराष्ट्रीय परवाना मस्कतहून काढून आणणे. प्लग आपल्यासारखेच तीन पिनांचे, अ‍ॅडाप्टर नको. नळाचं पाणी इथेही समुद्राचं गोडं केलेलं, चव घरची.

११ ऑक्टो., शनि.
गोझो बेट. गाडी थेट फेरीबोटीत चढवली. माझ्या मागच्याने हॉर्न दिला, मी बघितलंही नाही. भाडं येतानाच घेतात. जाताना खिडकी शोधत हिंडू नये. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मशिदीत जातो तसंच. रस्त्यावरचा दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, रबरी तळाचे बूट घालणे. वाटाण्याचा पफ छान. आत चरबी आहे का ते विचारून घेतलं.

१२ ऑक्टो., रवि.
मूर्ख मी. इथे रविवार सुट्टीचा, शिवाय मार्साश्लॉकचा बाजारही रविवारीच. इतकी वर्षं शुक्रवार-शनिवार सुट्टी घेतली की जग तसंच चालतं असं वाटायला लागतं. अख्खं बेट तिथे. पार्किंग शोधताना एका बोळात शिरले, समोरून मासळीची व्हॅन. मागे ऐंशी-नव्वद पावलं उलटं जायचं, दोन्हीकडे दगडी भिंती. श्री. म्हणाले, उतर, मी घेतो. मग हात काळ्या चष्म्याकडे गेला. त्यांनाच कळलं.
आरसे मिटले, काच खाली केली, मान बाहेर. उंबऱ्यावर बसलेले एक आजोबा उठून मागे उभे राहिले, हाताने खुणा करत म्हणाले, "श्वेया, श्वेया." हळूहळू. मत्रहचे हमाल म्हणतात तेच. एवढ्याने धीर आला. भिंतीला न घासता बोळाबाहेर. व्हॅनवाल्याने टोपी काढली.
होड्या: निळ्या, पिवळ्या, प्रत्येकीला दोन डोळे. श्री. काळा चष्मा काढून एकेकीच्या फळ्यांवरून हात फिरवत होते. सूरचे सुतार असा सांधा ठेवणार नाहीत म्हणाले. मग, "मला नसतं जमलं ते मागे घेणं. दोन्ही डोळे धड असतानाही."
लिहून ठेवते आहे. तारखेसह.

१७ ऑक्टो., शुक्र. मस्कत
गाडीवर एक ओरखडा नाही. हमीदाला टिपा दिल्या, वर लाल शाईने: रविवारी मार्साश्लॉक नको, गेलीस तर गाडी बाहेर ठेवून चालत जा. तिने नवऱ्याला ऐकवलं, "बाई चालवतात, तुम्ही नुसते बसून राहता." तो म्हणाला, "इन्शाल्ला, मीपण बसायलाच जाईन."

३० ऑक्टो., गुरु.
डोळ्याची तपासणी. डॉक्टर म्हणाले, बरा आहे, आता गाडी चालवायला हरकत नाही. मला खरंच आनंद झाला. बाहेर आलो तर दोघेही गाडीच्या डाव्या दारापाशी. त्यांनी हात पुढे केला. किल्ली माझ्या मुठीत. मी हलले नाही.
ते गाडीला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले. "आजच्यापुरतं," म्हणाले.
उद्या शुक्रवार, सूरला जायचं ठरलं आहे. तिथल्या सुतारांना होड्यांचे फोटो दाखवायचे आहेत. दोन तासांचा रस्ता. कोण चालवणार, ते ठरलेलं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.