माझ्या गप्प बसण्याची परीक्षा

सोलापूर

बाबा, तुम्हाला आणि आईला जयभीम.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

कॉलेजच्या वर्गात विजेच्या मोटरवर मी तासभर जोशात बोलले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्यातल्या सुमितला विचारलं, मोटर का फिरते? तो म्हणाला, "मॅडम, तुमी लई भारी बोलता की! पर मोटरचं कायच कळलं न्हाय."

आता मोटर उघडून पोरांपुढे ठेवते. ती वाद घालत शिकतात, मी गप्प असते.

विभागप्रमुख म्हणाले, "गप्प बसायचा पगार देतो का?" उद्या ते वर्गात बसतील आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवतील. काळजी करू नका. शिकवणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

पण साहेबांसमोर पोरं चुकायला लागली, तर मला गप्प राहवेल का? बोलायला तुम्हीच शिकवलंत ना!

तुमची,
संघप्रिया