चांदीच्या पाटीवरची मुले

उदगीर, ८ जानेवारी २०२४

नोकरी मिळाली! हदगावहून निघालेली मी आज मन्मथअप्पांकडे रुजू झाले. कापडाचे दुकान मुलांवर सोपवून अप्पांनी वीस वर्षे एकच छंद जोपासला आहे: छायाचित्रकलेच्या आरंभकाळी, डॅगेरोटाइप पद्धतीने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पाटीवर उमटवलेली बालकांची चित्रे. परदेशी लिलावांतून आणलेल्या अशा एकोणचाळीस पाट्यांची सूची मला करायची आहे. पाटी समोर धरली की आपलाच चेहरा दिसतो; किंचित कलती केली की मूल प्रकटते. बोलावे लागत नाही. पाहावे आणि लिहावे. याहून मला शोभणारे काम कोणते?

११ जानेवारी

चित्र उमटेपर्यंत मुलांना निश्चल बसवीत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत. स्वयंपाक सांभाळणाऱ्या नागम्मांनी चहा देताना विचारले, "लई पाहून राहिलीस बाई. त्यांनी बी तुला पाहिलं म्हंजे?" मी हसले. पुढची पाटी उचलली.

१५ जानेवारी

अक्षम्य चूक. नव्या, चाळिसाव्या पाटीची काच फुटलेली होती. चित्रावर धूळ दिसली. माझ्या चष्म्याच्या डबीत माझ्या थोरल्या बहिणीच्या, रेणुकाताईच्या, मुलीच्या म्हणजे प्रियदर्शनीच्या जुन्या झबल्याचा तुकडा असतो. चष्मा पुसायला आमच्याकडे त्याहून मऊ काही नाही. त्यानेच पुसले. धुळीसोबत चित्रातल्या मुलीचा चेहराही गेला. उरला रिकामा झालरीचा झगा.

अप्पा रागावले नाहीत. तुकडा निरखून त्यांनी एवढेच विचारले, की हे लेकरू केवढे आहे. अडीच वर्षांचे, मी म्हणाले. "हाव. बसंल," रिकाम्या झग्याकडे पाहत ते म्हणाले.

१८ जानेवारी

ताईचा फोन. प्रियदर्शनी बसल्या जागेवरून उठत नाही, मान वळवीत नाही. मानेमागे दोन लाल वळ आहेत. डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितले.

पाटी कलती केली. झालरीच्या वर हनुवटी उमटली आहे. तिच्यावरची खळी मी ओळखते.

१९ जानेवारी

पाटी फोडायला उचलली. नागम्मांनी हात धरला. माझ्या आधी सूची करणाऱ्या बाईंनी अशीच एक पाटी फोडली होती, त्या म्हणाल्या. त्यांचा भाचा— नागम्मांनी पाटी माझ्या हातून काढून मेजावर ठेवली.

मग थोडेसे पुसून पाहिले. केवळ बाहीचे टोक. तासाभरात ताईचा नांदेडहून फोन. डाव्या हाताची बोटे नाहीशी— डॉक्टरांनाही कळत—

मी केले. मीच.

२० जानेवारी

ओठ आले. नाक आले. डोळे तेवढे राहिले आहेत. अप्पांनी मखमली पेटी आणून ठेवली आणि नोंद करायला सांगितले. नाव ठाऊक असलेले हे पहिलेच, म्हणून कौतुकाने हसले.

एकच उपाय. तिच्याऐवजी पाटीने मला घ्यावे. झबल्याने तिला ओढले, म्हणून आता माझ्या ओढणीच्या तुकड्याने कडेची मोकळी जागा पुसली. पाटी समोर उभी केली आहे. हलायचे नाही. लिहिणारा हात तेवढा—

दुपार

मागून मान धरली. थंड लोखंड. म्हणजे ती सुटली—

फोन वाजतो आहे. ताई असेल. वळता येत नाही.

पाटीत मी उमटते आहे. खांदा. गळा. मांडीवर झालरीचा झगा—

ती सुटलेली नाही. माझ्या मांडीवर बसवली आहे. डोळे उघडते आहे—

ताई, मी तिला फक्त सोडवायला—