धुवायची राहिलेली जीप

अप्पा, तुमची जीप झाली. परवा दुपारी तिचा शेवटचा आरसा चिकटवला. रविवारी ती घेऊन लातूरला जायचं आहे, आईला दाखवायला. खरी जीप नाही, उगं दचकू नका. ती तर तुमच्या माघारी देगलूरच्या माणसानं नेली आणि पुढं भंगारात गेली म्हणतात. ही प्लॅस्टिकची, दोन तळहातांवर मावेल एवढी. खोक्यात सगळे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, मग रंगवायचं. लेक शिकायला बाहेरगावी गेली, घर खायला उठलं, तेव्हा हा नाद लागला. आधी एक विमान केलं, मग एक आगबोट. आगबोट कशाला, असं तुम्ही विचारलं असतं, नांदेडात बसून. खोकं दिसलं म्हणून आणलं, दुसरं काय. पण जीप मात्र कारण ठरवून केली.

आई विसरते, अप्पा. चष्मा कुठं ठेवला ते विसरावं तसं नाही. धाकट्याकडं लातूरला असते हल्ली, तो आणि भावजय लई नीट करतात तिचं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. दिवाळीला मी गेले तर माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "बसा की बाई. कोण्या गावच्या तुम्ही?" मी म्हणाले, नांदेडची. "आमचंबी नांदेडच," म्हणाली, आणि आत बघून भावजयीला म्हणाली, "पाव्हण्याला च्या टाक." मी तो चहा घेतला. काय करणार? संध्याकाळ झाली की ती उठते आणि फाटकाला धरून उभी राहते. गाडी येईल आता, म्हणते. तुमचा हार घातलेला फोटो धाकट्यानं दाखवला तर, "हे म्हातारं कोण?" तिला तो म्हातारा नकोच आहे. तिला भोकरहून येणारी तुमची काळी-पिवळी जीप पाहिजे.

म्हणून मला वाटलं, फोटोनं होत नाही ते जीपनं होईल. तिनं जीप ओळखली की जीपच्या मागोमाग मलाही ओळखेल. खरं एवढंच पाहिजे मला. "कोण्या गावच्या" नको. पण धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, वळखली, अन् मग ते कुठंत म्हणून इचारलं तर? मागं एकदा मी सांगून बसलो अप्पा गेले म्हणून. आजच गेल्यासारखी रडली, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकात. मी परत न्हाई सांगणार. तूच सांग मग." तेव्हापासून मला दोन्हीची भीती आहे. ओळखली नाही तर काय, आणि ओळखली तर काय. हातात ब्रश धरला की हेच, कुकरच्या शिट्ट्या मोजताना हेच.

शनिवारी अर्धी शाळा असायची, आणि तुम्ही मला शेवटच्या फेरीला सोबत घ्यायचा. पुढच्या सीटवर, तुमच्या आणि कुणातरी पागोटेवाल्या पॅसेंजरच्या मधे. मागं माणसं कोंबलेली, टपावर हरभऱ्याची पोती, आणि भोकर सोडलं की मला झोप लागलेली. घर आलं कधी ते मला कधीच कळलं नाही. गाडी थांबल्याचा धक्का बसायचा, तुम्ही इंजिन बंद करायचा, आणि आईचा आवाज यायचा, "पोरीला उतरवून घेतलं का?" ती तुम्हाला आधी दुसरं काही विचारत नव्हती. मी अर्धवट जागी असायचे, पण डोळे मिटून ठेवायचे, म्हणजे उचलून नेतील. उचलून न्यायचाच तुम्ही. पुढचं मला ठाऊक नाही. पुढं मी गोधडीत.

तर त्या जीपसाठी मी काय काय केलं ते ऐका. खोक्यातली जीप परदेशी, मिलिटरीची, हिरवी. तिला लांब केली, मागं आडव्या सीटा घातल्या, तांब्याच्या तारेचं कॅरिअर केलं टपावर. खाली काळा, वर पिवळा. पिवळा तीनदा खरवडून पुन्हा दिला, कारण तुमचा पिवळा झेंडूचा होता आणि डबीतला निघाला लिंबाचा. आणि पत्र्याला पडलेला पोचा. तो पोचा डाव्या मडगार्डवर होता का उजव्या? मी म्हणते उजव्या, धाकटा म्हणतो डाव्या, आणि हे आता जगात कुणालाच विचारता येत नाही या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्ही नाहीत, आणि आईला आठवत नाही. शेवटी उजव्या बाजूला केला. चुकला असेल तर माझ्या नावावर.

मग आलं वेदरिंग. या छंदातली खरी कारागिरी तीच. कोरीकरकरीत गाडी चार जणांना जमते, पण ती वापरलेली दिसली पाहिजे, उन्हात उभी राहिलेली, पावसात भिजलेली. तांबूस रंग देऊन त्यावर ओलं मीठ चिकटवायचं, वरून काळा मारायचा, वाळला की मीठ ब्रशनं झाडायचं. पोपडे उडून खालचा गंज दिसतो तसं दिसतं. फटींत पातळ तपकिरी रंग सोडायचा. आणि धुळीसाठी मी भोकर रोडच्या कडेचा मुरूम रुमालात बांधून आणला, तव्यावर भाजला, मलमलीतून चाळला. तुमचे जावई तव्यापाशी येऊन म्हणाले, "आज भाजीला माती का?" मग टेबलाशी येऊन बघत राहिले आणि म्हणाले, "लोक गाडी धुवून ठेवतात, तू नवी गाडी मळवून राहिलीस." मी म्हणाले, तुम्हाला कळणार नाही. ती धूळ बॉनेटवर, टपावर, चाकांच्या वरती मऊ ब्रशनं बसवली. वरून वार्निश मारलं की ती धुळीसारखी दिसत नाही, रंगासारखी दिसते, म्हणून तशीच सोडली. आता हात लागला की जाणार. बसमधे कशी न्यायची, ही आणखी एक काळजी.

तुम्ही रागावाल, माहीत आहे. एकदा मी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं माझं नाव लिहिलं होतं तर तुम्ही मला सगळ्या पॅसेंजरांदेखत खडसावलं होतं, "गाडीवर धूळ म्हंजी मालकाच्या तोंडावर धूळ. लिहायला पाटी न्हाई का घरी?" मी स्टँडवर रडले होते आणि मग तुम्ही मला भज्यांचा पुडा दिला, तोही न बोलता. पण अप्पा, मला जीप आठवते ती धुळीतलीच. दातांत कचकचणारी धूळ, आणि तुमच्या कोपराचा वास. ती पुसली तर माझ्याकडं काय उरतं? तेव्हा या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

इथवर लिहून कागद तसाच पडला होता. त्या रविवारी लातूरला जाऊन आले, त्यालाही बरेच दिवस झाले, आता पुढचं लिहिते. मिठाईच्या मोठ्या खोक्यात कापूस घालून जीप ठेवली आणि खोकं मांडीवर. लोह्यापर्यंत कंडक्टर बघत होता, शेवटी म्हणाला, "एवढं काय सांभाळून राहिल्या, बाई? अंडी हायेत का?" मी म्हणाले, जीप आहे. तो पुढच्या तिकिटाकडं वळला. अहमदपूरच्या पुढं रस्ता खराब होता, दर खड्ड्याला मी खोकं वर उचलून धरत होते आणि मनात आईचे प्रश्न लावत होते. ते कुठंत? या प्रश्नाला मी पाच-सहा उत्तरं जुळवली आणि पाच-सहाही मला बोलता येणार नव्हती.

आई पलंगावर मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या." मी जीप काढून तिच्यासमोर स्टुलावर ठेवली. धाकटा दारात उभा, भावजय त्याच्या मागं. तिनं बघितलं. लई वेळ बघितलं. पोच्याकडं तिची नजर गेली नाही, तारेच्या कॅरिअरकडं गेली नाही. तिनं एक बोट पुढं केलं, बॉनेटवरून फिरवलं, आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"अगं बाई," म्हणाली, "धुवायची राहिली की."

पदराचं टोक तिनं पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि पुसायला लागली. माझी सगळी धूळ, अप्पा. भाजलेली, चाळलेली. माझा हात पुढं गेला तिला थांबवायला, पण धाकटा हळू आवाजात म्हणाला, "राहू दे ताई." ती पुटपुटत होती, "गाडी धुतल्याबिगर घरात पाय ठेवीत न्हाईत ते. मीच बादली देते रोज. अन् ही अशी आणून लावली." टप पुसला, दारं पुसली, एक आरसा तुटून मेथीत पडला तरी तिला कळलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला उचलून आत नेल्यावर बाहेर काय व्हायचं. तुम्ही दोघं गाडी धुवायचा. मी गोधडीत असायचे आणि तिची जीप तिथून पुढं सुरू व्हायची. माझ्या धुळीच्या जीपमधे ती कधी बसलीच नव्हती.

मी वाट बघत होते, आता विचारेल, ते कुठंत. समोरची काच पुसता पुसता तिचा हात थांबला. ती वाकली, काचेला डोळा लावून आत पुढच्या सीटवर बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"पोरीला उतरवून घेतलं का?"

मी धाकट्याकडं बघितलं. ती वैतागली. "अहो बाई, तुम्हालाच इचारून राहिले. झोपली असंल ती. मान अवघडती तिची."

"हाव," मी म्हणाले, "घेतलं उतरवून. आत निजवलंय."

"गोधडी टाकली?"

"टाकली."

"बरं झालं," म्हणाली, आणि चाकं पुसायला घेतली. तुमच्याबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. संध्याकाळी फाटकापाशीही गेली नाही; गाडी दारात लागलेली होती, मग कशाला जाईल? निघताना मी पाया पडले तर म्हणाली, "पोचल्यावर कळवा," जशी कुठल्याही पाव्हणीला म्हणेल तशी.

आता जीप तिच्या उशाशी आहे. रोज पुसते म्हणे. धाकटा सांगतो, पिवळा उडायला लागलाय, खालचं प्लॅस्टिक दिसतंय. पुढच्या खेपेला रंगाची डबी नेणार आहे, मुरूम नाही नेणार. मीठ लावून, झाडून मी जे करत होते ते ती पदरानं करते आहे. मी त्याला विचारलं, मी नसताना ते पोरीचं कुणाला विचारते? "मला," म्हणाला, "मी सांगतो घेतलं म्हणून." तो एखाद्या दिवशी कामावर असला आणि कुणी सांगितलंच नाही तर, ही माझी नवी काळजी. काळजीला काय, एक गेली की दुसरी हजर.

हा कागद घडी घालून जीपच्या सीटखाली ठेवायचा असं ठरवलं होतं. जीप तिकडंच राहिली, कागद इथंच राहील. एक मात्र तुम्हालाच सांगते, धाकट्यालाही बोलले नाही. ती पोरगी मीच, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं सांगायलाच तर गेले होते. पण तिनं "गोधडी टाकली?" विचारलं तेव्हा मला पुन्हा डोळे मिटून पडून राहावंसं वाटलं, आणि मी पडून राहिले.