ऑस्टिनची खालची बिजागरी

रविवार, ४ मार्च १९५६

बेबी वाचली! घरी येऊन लगेच लिहायला बसले. अक्षर बघवत नाही.

ऑस्टिननं ऑपेरा हाऊसचं वळण घेतलं आणि तिच्या बाजूचं दार उघडलं. आपोआप! बेबी अर्धी बाहेर, मागे ट्राम घणघणत येतेय. एका हातात चाक, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरून ओढली. ब्रेक कधी दाबला ते आठवत नाही. नणंद माहेरपणाला आलेली, आणि मी तिला रस्त्यावर सांडणार होते!

दार बिजागऱ्यांवर वाकडं लोंबत होतं. एका दाणेवाल्यानं सुतळी दिली, तिनं बांधून कशीबशी घरी आणली गाडी.

हे म्हणाले, "विकून टाका ते धूड. आणि तूही चालवायचं बंद कर." ते अपेक्षितच होतं. पण अप्पा! ज्यांनी मला, सुनेला, साऱ्या वाडीची तोंडं बंद करून पहाटे चौपाटीवर गाडी शिकवली ते अप्पा! खाली आले, दाराकडे बघत राहिले. लागलं का म्हणून बेबीला विचारलंसुद्धा नाही. पोटची लेक! फक्त म्हणाले, "त्या दाराला कुणी हात लावू नका." आणि जिना चढून गेले.

जानेवारीपासून असंच चाललंय त्यांचं. किल्ली माझ्या हातात दिली, "डोळे गेले आता" म्हणाले. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचतात.

मंगळवार, ६ मार्च

आमच्या कामवाल्या रखमाचा भाऊ दौलत लालबागला एका गॅरेजात फिटर आहे. रविवारी येईल म्हणाली. यांना सांगितलेलं नाही. अप्पांनाही नाही.

रविवार, ११ मार्च

दौलत आला. तिशीचा असेल, बोलणं कमी. मी त्यानं रखमाच्या हाती धाडलेल्या निरोपाप्रमाणे रात्रीच बिजागऱ्यांत रॉकेल सोडून ठेवलं होतं. बघून मान डोलावली, तेवढंच कौतुक.

मला वाटायचं दार म्हणजे स्क्रू काढले की सुटलं. तसं नाही. बिजागरीचे दोन पंजे एकमेकांत अडकवलेले असतात आणि त्यांच्यातून बोटाएवढी लोखंडी पिन ओवलेली. सगळा भार त्या पिनेवर. ती झिजली की दार खाली बसतं आणि कडी नीट लागत नाही. दौलतनं दाराखाली खोका सरकवला, वर गोणपाट, म्हणजे रंग खरवडायला नको. मला दार धरायला लावलं. मग पिनेच्या बुडाशी एक बोथट सळई लावून खालून वर ठोके. हलके, मग जरा जोरात. वरची पिन सुटली! मधोमध एवढी झिजलेली की दोन्ही टोकं जाड आणि कंबर बारीक.

खालची मात्र हलेना. ठोकलं, तापवलं, पुन्हा रॉकेल. दौलत उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिला.

"बाई, हा गंज नाय. पिन वाकलीय आत. कायतरी जबर बसलाय हिच्यावर. कुठं आपटलीवती?"

"नाही हो. माझ्या हातून तर नाही."

वर बघितलं तर गॅलरीत अप्पा. केव्हापासून उभे होते कोण जाणे. "राजी, राहू दे ते," म्हणाले. आवाज असा, की माझ्या हातातलं दार सुटता सुटता राहिलं.

दौलत पुढच्या रविवारी करवतीचं पातं घेऊन येणार. नव्या पिना तोवर लेथवर कातून घेईल.

शुक्रवार, १६ मार्च

अप्पा जेवले नाहीत. पित्त म्हणाले.

रविवार, १८ मार्च

काय लिहू! लिहू की नको!

दौलतनं खालची पिन कापली. दार सुटलं, दोघांनी मिळून भिंतीला टेकवलं. तो तुटका तुकडा उपटत होता, तर त्याच्याबरोबर आणखी काहीतरी निसटलं आणि फरशीवर पडलं. चेपलेलं, शिशासारखं. मला वाटलं नट असेल. मी उचलणार, एवढ्यात दौलतनं माझा हात धरला. आजवर नजर वर करून न बोललेला माणूस!

"बाई, ही गोळी हाय."

मला आधी औषधाचीच गोळी वाटली. खरंच! इतकी मूर्ख मी.

मग त्यानं बाहेरच्या पत्र्यावर बोट फिरवलं. बिजागरीशी भोक होतं, भेगा बुजवायची लांबी भरून वर काळा रंग फासलेला. घरचाच हात, ब्रशाचे फराटे दिसत होते. आणि दाराच्या आतलं कापड ओढलं तर मागे सुकलेला डाग. काळपट. मी हात खसाखसा धुतले. तिथेच, शेडच्या मोरीत.

दौलत म्हणाला, "जानेवारीत गाडी लालबागला होती काय?"

"छे! गाडी शेडमध्येच होती."

पण मला काय ठाऊक? मी होते कुठे! आईकडे दादरला. मुंबई महाराष्ट्राला नाही असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवसापासून दगड, अश्रुधूर, गोळीबार, कर्फ्यू. तापानं फणफणलेली मी तिथेच अडकले. आठवड्यानं परतले तेव्हा गाडी शेडमध्ये होती. धुतलेली.

दौलतनं हातोडी खाली ठेवली. मग सांगितलं ते असं. त्याच्या चाळीतला शिवा, गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा, त्या दिवसांत लालबागच्या नाक्यावर पडला. गोळी लागली म्हणतात. लोकांनी एका काळ्या गाडीत घातला. मग काही नाही. इस्पितळांत नाव नाही, चौकीवर नाव नाही. "मालन, त्याची बायको, अजून वाट बघता. कुंकू लावता. गाडी कोणाची, खय नेली, कोणाक ठाऊक नाय." घरची बोली आली तोंडात त्याच्या.

गोळी माझ्या तळहातावर ठेवून गेला. एवढीशी असते. आणि जड.

सोमवार, १९ मार्च

यांना विचारलं. रात्रभर मनात एकच. मनमोहन — इथे तरी नावानं लिहिते — सचिवालयातला माणूस. आंदोलनवाल्यांना गुंड म्हणणारा. त्यानं काय केलं? कुणाला नेलं? कुठे टाकलं?

गोळी पुढ्यात ठेवली. रंग उडाला चेहऱ्याचा.

"कुठे मिळाली? कुणी पाहिली? राजी, फेक ती! समुद्रात फेक! माझी नोकरी जाईल!"

"गाडी तुम्ही नेली होती का?"

"मी? अगं, मी दोन दिवस ऑफिसातच कोंडलेला होतो! टेबलावर झोपलो. तुला ठाऊक आहे!"

ठाऊक होतं. मग आम्ही दोघांनी एकदमच वर बघितलं. वरच्या खोलीत अप्पांची काठी वाजत होती. त्या दोन दिवसांत घरात तेच एकटे होते.

मंगळवार, २० मार्च

अप्पांनी सांगितलं. मी विचारलं नाही. चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बस."

ते मला आणायला निघाले होते. मला! तापाचा निरोप कुणीतरी आणला होता आणि म्हातारा कर्फ्यू सुटलेला बघून एकटा गाडी घेऊन दादरला निघाला. लालबागच्या नाक्यावर गर्दी. लोकांनी गाडी अडवली, अप्पांना वाटलं आता जाळतात. पण दार उघडून एक माणूस आत घातला. छातीशी रक्त. "आजोबा, इस्पितळ! जल्दी!" वळवता वळवता दारावर काहीतरी आदळलं. दगड वाटला त्यांना.

"तो बोलत होता गं. सारखा बोलत होता. परळच्या चढावर थांबला."

इस्पितळात दोघांनी उतरवून घेतला. नाव विचारलं. अप्पांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. स्वतःचं सांगितलं नाही, मुलगा सरकारात म्हणून. गाडी वळवून घरी आले. स्वतः धुतली, दाराचं भोक बुजवून रंग लावला.

"काय बोलत होता?" मी विचारलं.

"ते त्याच्या माणसांचं आहे. तुला नाही सांगणार."

मी शिवाचं सांगितलं. मालनचं सांगितलं. तोच नाका, तीच काळी गाडी. अप्पा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

हे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, "कुणालाही काही सांगायची गरज नाही." अप्पा म्हणाले, "मनू, ती बाई कुंकू लावतेय."

हे आत निघून गेले. बोलणं बंद आहे.

गुरुवार, २२ मार्च

अप्पा मला आणायला निघाले नसते तर? झोप नाही.

रविवार, २५ मार्च, सकाळ

दौलतनं नव्या पिना बसवल्या. तेलात बुडवून आणलेल्या, चकचकीत. अप्पा स्वतः खाली आले, दार त्यांनी धरलं. भोकं एका रेषेत यायला वेळ लागला. "जरा वर, आजोबा. आता थांबा." मग वरून पिन सोडली, लाकडी हातोडीचे बेतानं ठोके. दुसरीही बसली. दार बोटानं ढकललं तर लागलं.

दौलतला अप्पांनी सगळं सांगितलं. तो ऐकून घाम पुसत बसला. म्हणाला, "चला. मालनक तुमीच सांगा. आमच्या तोंडानं नको."

हे नाहीत येणार. मी चालवणार. अप्पा शेजारी, त्याच दाराशी बसणार म्हणतात. वाटेत काय होईल मला ठाऊक नाही.

संध्याकाळ

मालननं बसायला पाट दिले. अप्पांनी हात जोडून एकेक सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेजारच्या बायकांनी रडायला सुरुवातही केली. अप्पा म्हणाले, "शेवटपर्यंत लेकीचंच बोलत होता. तिला ताप आहे, तिला औषध न्यायचंय, ती झोपणार नाही माझ्याशिवाय..."

मालननं मान वर केली.

"कोणाचा चेडू? आमका मूलच नाय!"

मग ती हसली. पदर तोंडात कोंबून हसली, रडली, पुन्हा हसली. "तो नाय! माझो घोव तो नाय!" चहा टाकायला उठली.

अप्पा पाटावरून उठलेच नाहीत. माझा हात घट्ट धरून विचारत होते, "राजी, मग ती मुलगी कुठे असेल गं?"