तुझ्या आईची डोकेदुखी

केदुंगसारी, ऑगस्ट १९९९

प्रिय प्रतिवी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लग्नानंतर दोन वर्षं तरी मूल नको, म्हणून येत्या सोमवारी तू गोळी सुरू करणार. डॉक्टरांनी विचारलंय, आईला काही आजार होता का? ‘बाबा, आई विहिरीवर घसरून गेली, एवढंच मला माहीत. तेच सांगू ना?’ असं तू लिहितेस. थांब, पोरी. हे पुरतं वाच, मग सांग.

सभागृहापुढे टांगलेला तो पोकळ लाकडी ढोल तुला आठवत असेल. दिवसभर मी मुलांकडून कविता पाठ करून घ्यायचो आणि संध्याकाळी सहाला ढोल बडवायचो. तो वाजला की गावातल्या बायांनी गोळी घ्यायची, ही तेव्हाची रीत. शेजारची तुमिरा तांदूळ पाखडता पाखडता ओरडायची, “गुरुजी, बडवायचं तुम्ही आणि गिळायचं आम्ही! एक दिवस उलटं करा की!” बाया खिदळायच्या. मीही हसायचो. काय सुंदर संध्याकाळी होत्या त्या, असं अजून मनात येतं आणि स्वतःचीच चीड येते. आत भिंतीवर गावाचा नकाशा होता. गोळी घेणाऱ्या घराला निळा रंग, न घेणारं घर पांढरं. गावाच्या कुटुंबनियोजन गटाचा प्रमुख मी. गोळ्यांचं पाकीट सगळ्यांना एकच. कुणाला काय होतं, हे विचारायची पद्धतच नव्हती.

वार्सिनीचं, तुझ्या आईचं, डोकं आधीपासून अधूनमधून दुखायचं. गोळी सुरू झाली आणि ते दर आठवड्याला दुखू लागलं. दुखण्याआधी तिला उजेड दिसायचा. ती म्हणाली, “अहो, पाण्यात ऊन मोडतं ना, तसं काहीतरी चमकत सरकतं. मग तुमचा अर्धा चेहराच पुसला जातो.” मी काय केलं असेल? “वा! काय उपमा आहे!” म्हणालो आणि वही काढली. ती कविता मी गटाच्या समारंभात म्हटली. टाळ्या पडल्या. ती मागच्या रांगेत कपाळाला बाम चोळत बसली होती.

घरी आल्यावर तिनं सरळ सांगितलं, “मला ही गोळी नको. तुमिरेला सोसते म्हणून मला सोसेलच असं कुठंय?” मी म्हणालो, “प्रमुखाचंच घर पांढरं राहिलं तर लोक काय म्हणतील?” ती म्हणाली, “लोकांच्या तोंडासाठी माझं डोकं होय?” आणि माझ्या तळहातावरची गोळी उचलून गिळली.

ती घसरली नव्हती, प्रतिवी. बादली ओढताना तिची उजवी बाजू लुळी पडली. जीभ वळेना. तीन दिवस ती नुसती माझ्याकडे बघत होती, मग गेली. पक्षाघात, वय एकोणतीस. घसरल्याची गोष्ट मी रचली. आधी गावासाठी, मग तुझ्यासाठी.

आठ वर्षांनी गावात एक डॉक्टरीणबाई आल्या. तुमिरेच्या सुनेला गोळी देण्याआधी त्यांनी केवढे प्रश्न विचारले! रक्तदाब मोजला. अंगावर पाजतेस का? विडी ओढतेस का? डोकं दुखतं का, त्याआधी डोळ्यांपुढे काही चमकतं का? मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. नंतर त्यांना सगळं सांगितलं. गोळीमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण त्या बाईंना ही गोळी द्यायलाच नको होती. त्या गोळीतलं एक औषध असा उजेड दिसणाऱ्या बायांना घातक. ते नसलेली वेगळी गोळी असते, दुसरेही उपाय असतात.

आता, हे आजच का लिहितोय. त्या बाई येऊन गेल्यानंतर, तू चौथीत असताना, एका दुपारी दप्तर टाकून म्हणालीस, “बाबा, फळ्यावरची अर्धी अक्षरं गेली, नुसतं लखलखत होतं.” मग रात्रभर ओकलीस. पुढेही दोनदा झालं. मी म्हणालो, ऊन लागलं. मला तेव्हाच कळलं होतं, पण आईबद्दल सांगावं लागलं असतं म्हणून मी गप्प बसलो. डॉक्टरांनी तुझ्या आईबद्दल विचारलंय, तू तुझ्याबद्दलही सांग. त्या लखलखाटासकट सगळं सांग. माझी लाज राखू नकोस. यापुढे मला पत्र लिहायचं की नाही ते तू सोमवारनंतर ठरव.

तुझाच बाबा,
हर्जोनो गुरुजी