एक्सच्या पानावरचे शब्द

मुलुंड, मंगळवार, १२ ऑगस्ट १९६९

दादांना जाऊन पंधरा दिवस झाले. आज चहाच्या वेळी त्यांची इंग्रजी शब्दांची वही उघडली. एक्सचं पान. 'Xebec (झीबेक) : तीन डोलकाठ्यांचं गलबत.' अक्षर माझं, शाळेतलं. रोज चहाला आम्हा बापलेकीचा हाच खेळ; ते एक अवघड शब्द विचारायचे. मी अडले की डिक्शनरीत शोधून अर्थ लिहायचा, दादांनी बरोबरची खूण करायची.

नोकरी लागल्यावर एकदा मी फाडकन बोलले, "दादा, ऑफिसात कोण बोलतं असलं? नका ना विचारू रोज!"

"बरं बाई," म्हणाले. पुन्हा कधीच विचारलं नाही.

पण एक्सच्या पानावर खाली आणखी तीन शब्द निघाले, त्यांच्या थरथरत्या अक्षरात. अर्थाची जागा मोकळी. माझ्यासाठीच ना?

आत्ता तिन्ही अर्थ शोधून लिहिले. बरोबरची खूण कोण करणार?